फॅट किती लागली?

२०२१ च्या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, एका दुपारी माझ्या दुकानात लागोपाठ चार गिऱ्हाईकं आली आणि चौघांनीही भीमसेनी कापूर मागितला. माझं औषधांचं दुकान आहे, कोल्हापुरात गंगावेशीच्या अलीकडं. आमच्याकडं कापूर कुठून असणार? पहिल्याला म्हटलं, किराणा दुकानात बघा. तो म्हणाला, "तिथला संपलाय म्हणून तर तुमच्याकडं आलोय की." चौथ्या आल्या त्या ओळखीच्या वहिनी. त्यांना कापराबरोबर निलगिरीचं तेलही हवं होतं. ते होतं, पण बाटली काढायच्या आधी मी विचारलं, कशाला हवंय? त्यांनी मोबाईल पुढं केला. कापूर, लवंग, ओवा आणि वर निलगिरीचे थेंब. सुती फडक्यात पोटली बांधायची आणि दिवसभर हुंगायची, ऑक्सिजन वाढतो. लडाखला जाणाऱ्या प्रवाशांना हीच पोटली देतात, असंही खाली लिहिलेलं. "करून बघायला काय जातंय, दादा?" वहिनी म्हणाल्या.

हे "काय जातंय" त्या दोन वर्षांत मी रोज ऐकत होतो. काय जातं ते मला पुढच्याच महिन्यात आमच्या घरात बघायला मिळालं.

मोबाईलवर त्या आठवड्यात काय फिरतंय हे कळायला मला मोबाईल उघडावा लागायचा नाही. काउंटरवर कळायचं. मार्च २०२० च्या शेवटी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन मागायला माणसं आली. आरोग्य कर्मचाऱ्यांनी प्रतिबंधासाठी ते घ्यावं असं देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेनं, म्हणजे आयसीएमआरनं सांगितलं होतं, आणि परदेशातल्या बड्या नेत्यानं त्याची स्तुती केली होती. मग ज्याला त्याला ती गोळी "घरात असू दे" म्हणून हवी झाली. माझ्याकडं संधिवाताच्या एक पेशंट आहेत, वर्षानुवर्षं हीच गोळी घेतात. त्या एप्रिलमध्ये त्यांची स्ट्रिप मला कुठल्याच स्टॉकिस्टकडं मिळेना. बोटांचे सांधे सुजलेले, हात काउंटरवर ठेवून त्या गप्प उभ्या राहिल्या. त्यांच्या वाट्याची गोळी कुणाच्या तरी फ्रिजवरच्या डब्यात पडून होती. जूनमध्ये इंग्लंडच्या मोठ्या चाचणीत दिसलं की दवाखान्यात दाखल झालेल्या कोरोनाच्या रुग्णांना तिचा काही फायदा होत नाही. तोवर गिऱ्हाईक पुढं सरकलं होतं. होमिओपॅथीचं आर्सेनिक अल्बम ३०, मग व्हिटॅमिन सी आणि झिंक, मग जंतांवरची आयव्हरमेक्टिन, मग कापूर.

आम्ही कोल्हापूरकर भोळी माणसं आहोत, म्हणून असं झालं, असं कुणी म्हटलं तर मला ते पटत नाही. उलट आमच्याकडचा माणूस आकडा तपासल्याशिवाय घेतच नाही. ऊस कारखान्याला गेला की शेतकऱ्याचा जीव काट्याकडं लागलेला असतो. बाहेर वजन करून मग कारखान्याच्या काट्यावर ट्रॉली चढवणारे मी बघितलेत. पावसाळ्यात पंचगंगा वाढायला लागली की अख्खं शहर एकच प्रश्न विचारतं: "राजारामला किती?" राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. पुरात दर वेळी कुणीतरी धरण फुटल्याची आवई उठवतंच. पण राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे आहेत, त्यातले किती उघडलेत हे विचारणारा माणूसही त्याच कट्ट्यावर बसलेला असतो. आकडा आला की आवई खाली बसते.

माझ्या काकीचं उदाहरण सांगतो. आमचं गाव भोगावतीच्या काठाला आहे. काकी चौथी शिकलेली, दोन म्हशी पाळायची. सकाळ-संध्याकाळ दूध संस्थेत किटली घेऊन जायची आणि मशीनवर फॅट लागेपर्यंत तिथून हलायची नाही. "फॅट किती लागली?" हा तिचा दिवसाचा पहिला प्रश्न. एकदा सात लागायच्या ऐवजी सहा पॉइंट चार लागली, तर तिनं दूध ढवळून दुसऱ्यांदा नमुना घ्यायला लावला. संस्थेचा पोरगा वैतागला, पण दुसऱ्यांदा सहा पॉइंट नऊ आली. घरी येऊन ती लिटर आणि फॅट एका वहीत लिहून ठेवायची आणि दहा दिवसांनी बिल आलं की ओळीनं ताळा करायची. तिला कुणी दशांश चिन्हात फसवू शकत नव्हतं.

तीच काकी मोबाईलवर आलेला प्रत्येक उपाय करायची. या दोन गोष्टी एका बाईत कशा राहात होत्या, हे कोडं मी अजून सोडवतोय. मला वाटतं, दुधाला मशीन होतं आणि ते तिच्या डोळ्यांसमोर होतं. आजाराला तिच्या हातातलं मशीन कुठलं? काढा घेतला आणि ताप उतरला, तर तो काढ्यानं उतरला की आपसूक उतरला, हे एका घरात बसून कुणालाच कळत नाही. डॉक्टरलाही नाही. सुरुवातीला चीनमधून आलेल्या आकडेवारीत शंभरातल्या ऐंशी जणांचा आजार सौम्य होता. म्हणजे तुम्ही त्या शंभर जणांना कापूर हुंगवा, लिंबू पाजा किंवा नुसतं अंगणातलं तुळशीचं पान खायला घाला, ऐंशी जण बरे होणारच. ते ऐंशी जण पुढं जन्मभर सांगत राहतात, मी अमुक घेतलं आणि मला गुण आला. त्यात खोटं कुणीच बोलत नाही. उरलेल्या वीस जणांतले जे गेले, ते सांगायला येत नाहीत.

म्हणून दोन गट करावे लागतात. प्लाझ्माचं तसंच झालं. बरं झालेल्या माणसाच्या रक्तातला प्लाझ्मा आजारी माणसाला दिला की तो वाचतो, हे ऐकायलाच किती पटण्यासारखं होतं! आमच्या पेठेतली तालमीतली पोरं प्लाझ्मा द्यायला धावत होती. एकाचं नाव तर मीच सुचवलं होतं. आयसीएमआरनं देशातल्या ३९ दवाखान्यांत ४६४ रुग्ण घेतले. निम्म्यांना प्लाझ्मा दिला, निम्म्यांना नाही; बाकी उपचार सगळ्यांना सारखे. २८ दिवसांनी मोजलं, तर आजार बळावलेले किंवा दगावलेले प्लाझ्मावाल्यांत शंभरात १९ आणि बिनप्लाझ्मावाल्यांत १८. ऑक्टोबर २०२० मध्ये हे छापून आलं. प्लाझ्मा सरकारी उपचारांच्या यादीतून निघाला मे २०२१ मध्ये. मधल्या सात महिन्यांत किती घरांतल्या माणसांनी रात्री-अपरात्री रक्तगट ओरडत फोन फिरवले असतील! मी हे दोष द्यायला लिहीत नाही. १९ आणि १८ हे दोन आकडे बघितले तेव्हा मला काकीचं फॅटचं मशीन आठवलं. आजारपणातला काटा म्हणजे हाच. पण तो काटा कोल्हापुरात कुठल्या चौकात ठेवलेला नव्हता. तो इंग्रजी नियतकालिकात होता.

आणि खरं बोलायचं तर वरच्या माणसांचंही चुकलं. २८ मार्च २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेनं ठासून सांगितलं होतं की हा आजार हवेतून पसरत नाही. निरोगी माणसानं मास्क लावायची गरज नाही, असंही सुरुवातीला सांगितलं जायचं. जूनमध्ये तो सल्ला बदलला. गावोगावी औषध फवारायचे बोगदे उभे राहिले, माणसं त्यातून भिजत गेली आणि १८ एप्रिलला केंद्राच्या आरोग्य खात्यानं सांगितलं की माणसाच्या अंगावर असं काही फवारू नका. रेमडेसिवीरचा मृत्यू टाळण्यात काही उपयोग दिसत नाही, म्हणून ते वापरू नये असं जागतिक संघटना नोव्हेंबर २०२० मध्ये सांगून मोकळी झाली होती, तरी पुढच्या एप्रिलमध्ये एकेका इंजेक्शनसाठी माणसं पहाटेपासून रांगेत उभी होती. मंगळसूत्र गहाण ठेवून आलेली एक मुलगी मला आठवते. तिच्या हातातली चिठ्ठी डॉक्टरांचीच होती. तिला मी काय सांगणार होतो?

गिऱ्हाईकं मला विचारायची, "रोज नवीन सांगतात, मग त्यांचं तरी कशाला ऐकायचं?" त्या वेळी मला नीट उत्तर देता यायचं नाही. आता देतो. ज्यांनी मास्कबद्दल चुकीचं सांगितलं, त्यांनीच नंतर दुरुस्त केलं आणि दुरुस्तीवर तारीख आहे. पोटलीच्या मेसेजवर तारीख नव्हती. तो कुणी लिहिला याचा पत्ता नव्हता. तो चुकीचा निघाला तर मागं घ्यायला कुणी बसलेलं नव्हतं. मी आता कुठलाही मेसेज आला की आधी तारीख शोधतो.

हे मी शिकलो ते माझ्याच चुकीवरनं. मार्च २०२० मध्ये एक मजकूर आला होता: हा विषाणू चार दिवस घशातच राहतो, तेवढ्यात मीठ घातलेल्या कोमट पाण्याच्या गुळण्या केल्या की संपतो. मी डी. फार्म. केलेला माणूस. मला हे कळायला हवं होतं की विषाणू घशात राहुटी टाकून बसत नाही, तो पेशींच्या आत शिरतो, आणि पेशीच्या आतला विषाणू मिठाच्या पाण्यानं धुऊन निघत नाही. पण त्या दिवशी दुकानात मास्क संपले होते, सॅनिटायझर संपलं होतं, आणि प्रत्येक नातेवाईक फोन करून विचारत होता, "तू औषधवाला, तू सांग की काय करायचं." काहीतरी द्यायला हवं होतं. मी तो मजकूर आमच्या घरच्या ग्रुपवर टाकला. गुळण्यांनी नुकसान तरी काय होणार, असा विचार केला. माझंही "काय जातंय"च.

पंधरा दिवसांनी पाचगावकडचा एक रिक्षावाला दुकानात आला. त्याला ताप होता, घसा धरला होता. मी म्हटलं, तपासणी करून घ्या. तो म्हणाला, "गुळण्या चालू हाईत. कोल्हापुरातल्या एका मोठ्या केमिस्टनंच सांगिटलंय म्हणं." त्यानं मोबाईल दाखवला. मजकूर तोच होता. वर कुणीतरी एक ओळ चढवली होती, की हे अनुभवी औषध विक्रेत्यानं सांगितलं आहे, जनहितार्थ पुढं पाठवा. ती ओळ घालणाऱ्याला मी ओळखत नाही. तो मजकूर माझ्याच हातून निघाला होता की आणखी कुणा दुकानदाराच्या, हेही मला कधी कळलं नाही. पण काउंटरच्या आतल्या बाजूला मी उभा होतो आणि माझेच शब्द मला परत मिळत होते, माझ्या धंद्याचा शिक्का लागून. मी त्याला तिथंच सांगितलं की हे चूक आहे. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग मोबाईलकडं, आणि म्हणाला, "मग मोठ्या केमिस्टला कळत न्हाई व्हय?"

एप्रिल २०२० मध्ये व्हॉट्सॲपनं नियम केला: जो मजकूर फार वेळा पुढं गेलाय, ज्याच्यावर दोन बाणांची खूण आहे, तो एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल. चांगलं केलं. पण आमच्या घरात माणसं मजकूर कॉपी करून नव्यानं चिकटवायची. मग बाण जायचे आणि वर पाठवणाऱ्याचं नाव तेवढं दिसायचं. मावशीचं, भावजीचं, माझं. खरी अडचण इथं आहे. ही माहिती अनोळखी माणसाकडनं आली असती तर काकीनं तिला दारातच उभं केलं असतं. ती आली काळजी करणाऱ्या माणसाच्या हातून, "तब्येतीला जपा" असं लिहून. तिला नाही म्हणणं म्हणजे त्या माणसाची काळजी परत पाठवण्यासारखं.

दवाखान्याबद्दलच्या गोष्टी तर वेगळ्याच. पेशंटमागं सरकारकडनं दीड लाख मिळतात, म्हणून साध्या सर्दीवाल्यालाही आत घालतात. आत गेलेल्याच्या किडन्या काढतात. म्हणून तर प्रेत गुंडाळून देतात, बघू देत नाहीत. हे मी शिकल्या-सवरल्या माणसांकडनं ऐकलं. पुढं कधीतरी प्लेगबद्दल वाचत होतो. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, तेव्हा लोक म्हणायचे की दवाखान्यात माणसाला मारतात आणि त्याच्या अंगातून मोमियाई, म्हणजे औषधी अर्क, काढतात. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गिरणी कामगारांचा मोठा जमाव आर्थर रोडच्या दवाखान्यावर चालून गेला होता. मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. सव्वाशे वर्षं झाली. मोमियाईची किडनी झाली, एवढाच फरक. तेव्हाही रुग्णाला घरातनं उचलून न्यायचे, आत काय चाललंय ते घरच्यांना दिसायचं नाही. आपलं माणूस भिंतीपलीकडं गेलं आणि परत आलं ते बांधलेलं गाठोडं, तर मधल्या अंधारात माणसाचं मन काहीही बघतं. लोकांच्या भीतीला अगदीच आधार नव्हता असंही नाही. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावात प्लेगची लस टोचलेले १९ जण धनुर्वातानं गेले होते. सगळ्यांना एकाच बाटलीतली लस मिळाली होती. बाटली दूषित झाली होती, लस वाईट नव्हती; पण हे सिद्ध होऊन ती लस बनवणाऱ्या हाफकिन यांच्यावरचा ठपका निघायला १९०७ उजाडलं. पाच वर्षं अफवेला पुरून उरतात.

आमच्या गल्लीतल्या एका आजोबांना मे महिन्यात दाखल केलं होतं. दुसऱ्या दिवशी घरातल्यांनी गोंधळ घातला, आम्ही त्यांना घेऊन जातो म्हणून. तिथल्या एका सिस्टरनं स्वतःच्या फोनवरनं व्हिडिओ कॉल लावला आणि फोन आजोबांच्या तोंडासमोर धरला. नाकाला नळ्या, पण आजोबा रागावून म्हणाले, "माझं तंबाखूचं डबं कुणी घेतलंय?" सगळी गल्ली हसली आणि रडली. किडनीचं नाव त्या घरात परत निघालं नाही. कुठल्या पत्रकानं, कुठल्या जाहिरातीनं ते काम झालं नसतं.

आता काकीचं.

मेच्या सुरुवातीला चुलतभावाचा रात्री फोन आला. "नानांचं ऑक्सिजन शहाऐंशी दाखवतंय. मशीन बिघडलंय काय रं?" नाना म्हणजे माझे चुलते, वय ६२, साखरेचे पेशंट. मी विचारलं, नाना काय करतायत? "बसल्यात की चांगलं, भाकरी खायाल्यात. बोलाल्यात. म्हणूनच म्हटलं मशीन बिघडलंय." या आजाराची ही सर्वांत कपटी गोष्ट होती. ऑक्सिजन खाली जायचा आणि माणसाला धाप लागायची नाही. मी त्याला म्हटलं, तुझ्या स्वतःच्या बोटाला लाव. त्याचं ९८ आलं. मशीन धड होतं. ते खरं सांगत होतं आणि घरातलं कुणी त्याच्यावर विश्वास ठेवायला तयार नव्हतं, कारण ते भीतीचं बोलत होतं.

चार दिवस झाले होते ताप येऊन. गावची आशा सेविका दारात येऊन विचारून गेली होती, तिला "सगळी बरी हाईत" म्हणून सांगितलं होतं. आदल्या वर्षी मुंबईहून आलेल्या एका पोराला गावानं शाळेत ठेवलं होतं आणि त्याच्या आईला महिनाभर कुणी पाण्याला शिवू दिलं नव्हतं. ते कुणी विसरलं नव्हतं. मला फोन केला नव्हता, कारण मी तपासणी कर म्हणणार हे ठाऊक होतं. ते चार दिवस काकी रोज सकाळी नवी पोटली बांधत होती. आपल्या जुन्या सुती लुगड्याचं फडकं फाडून, कापूर कुटून, ओवा तव्यावर गरम करून. नाना हुंगायचे आणि म्हणायचे, "मोकळं वाटालंय." ते खोटं नव्हतं. कापरानं, निलगिरीनं नाकाला थंडावा जाणवतो आणि श्वास मोकळा झाल्यासारखा वाटतो. रक्तातला ऑक्सिजन मात्र जागचा हलत नाही. पोटली हुंगल्यावर आकडा दोनने वाढला, असंही भाऊ म्हणाला. उठून बसलं, हात चोळले, बोट गरम झालं की आकडा दोन-तीननं वर-खाली होतोच. पण ते दोन बघून आणखी एक दिवस गेला.

नानांना पहाटे गाडीत घालून आणलं. बेडसाठी किती फिरलो ते लिहीत नाही, त्या महिन्यात सगळेच फिरले. बेड मिळाला, ऑक्सिजन लागला, डेक्सामेथासोन सुरू झालं. हे साधं, स्वस्त स्टेरॉइड जून २०२० मध्ये त्याच इंग्लंडच्या चाचणीत काट्यावर उतरलं होतं. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले एक तृतीयांश मृत्यू त्यानं टळले होते. नाना सतरा दिवसांनी घरी आले.

गडबडीत काकीच्या बोटाला मशीन कुणी लावलंच नव्हतं. तिनं सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. म्हशींची धार, घरातलं, कण्हत्या माणसाची सेवा. नानांना दाखल केल्यावर तिसऱ्या दिवशी भावजय तिला उठवायला गेली, तेव्हा ती उशाला पोटली घेऊन पडली होती. आकडा ७१ होता. नवव्या दिवशी ती गेली. नानांनी लसीचा एक डोस घेतला होता, तिनं नाही. "दोघांनाबी ताप आला तर म्हशीचं कोण बघणार?" म्हणाली होती.

नाना घरी आले तेव्हा नवा मेसेज गावभर फिरत होता. कांद्याच्या सालीवरची काळी बुरशी आणि फ्रिजच्या रबरावरची काळी बुरशी हीच ती म्युकरची, कोरोनानंतर होणाऱ्या बुरशीच्या आजाराची. भावजय रोज कांदे निवडून फेकत होती, फ्रिजचं रबर पुसत होती. मी साखर बघितली, ३८० होती. कांद्यावरची काळी पूड ही जमिनीतली वेगळीच बुरशी, तिचा म्युकरशी संबंध नाही. म्युकर येत होता तो स्टेरॉइड घेतलेल्या आणि साखर हाताबाहेर गेलेल्या माणसांना. नाना दोन्हींत बसत होते. सगळं घर कांद्यांकडं बघत होतं, म्हणून साखरेकडं कुणी बघितलं नव्हतं. त्या दिवसापासून ग्लुकोमीटर मी तिथंच ठेवला. भावजय आता सकाळी बोटाला सुई टोचते आणि आकडा भिंतीवर लिहिते.

जूनमध्ये राज्यात इतरत्र लाट ओसरली तरी आमच्या जिल्ह्याचे आकडे उतरत नव्हते. मग जुलैत पूर आला. लाईट नाही, रस्ता बंद, आणि जो तो राजारामची पातळी विचारतोय. त्या गदारोळात मला पहिल्यांदा बरं वाटलं, हे लिहायला विचित्र वाटतं, पण तसं झालं. निदान एक तरी आकडा सगळ्यांना मान्य होता.

पाणी उतरल्यावर गावी गेलो, तेव्हा नानांनी काकीची दुधाची वही माझ्या हातात दिली. "मागनं बघ," म्हणाले. पुढच्या पानांवर लिटर आणि फॅट. वही उलटी करून मागच्या पानांवर तिनं उपाय लिहिले होते, एकाखाली एक, गोल गोल चौथीतल्या अक्षरात. प्रत्येक उपायापुढं ज्यानं पाठवला त्याचं नातं. कच्चा कांदा सैंधव लावून: जाऊबाई. हळद-दूध: पुण्याची वन्सं. पोटली: धाकटी भैन. हिशोबाची बाई होती, कुणाकडनं काय आलं ते तिला लिहून ठेवायचंच होतं. सर्वांत वर, पहिल्या ओळीत, मिठाच्या गुळण्या चार दिवस. त्याच्यापुढं माझं नाव होतं आणि कंसात लिहिलं होतं, दुकान.

इतर कुणापुढं तिनं कंस केला नव्हता.

मी ते पान धरून बसलो. नानांना म्हटलं, एवढं पान मी फाडून नेऊ का? त्यांनी हात पुढं केला आणि वही काढून घेतली. "ऱ्हाऊ दे," म्हणाले. "तिचं अक्षर हाय. आन पुढनं दुधाचं अजून चालू हाय."

त्यांनी वही सुलटी केली, चष्मा लावला, सकाळचं लिटर लिहिलं आणि आत हाक मारली, "आगं, आज फॅट किती लागली?"